रडार क्रोनोग्राफने गोळीचा वेग कसा मोजावा: सोलापूरच्या नेमबाजांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दोन शेजारच्या वलयांमध्ये २.५ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे गुणाचा एक दशांश हा पाव मिलिमीटरचा प्रश्न असतो. स्पर्धेच्या रायफलमधून पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो आणि लक्ष्यापर्यंत पोहोचायला त्याला जवळपास ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. आपली साइट हे उतरणे गृहीत धरूनच लावलेली असते. मात्र वेग सेकंदाला एका मीटरने बदलला, की पेलेट सुमारे ०.२ मिलिमीटर वर किंवा खाली लागतो. पन्नास मीटरवर .२२ च्या (०.२२ इंची, काडतुसाच्या रायफलच्या) गोळीसाठी हाच हिशेब केला, तर एका मीटरच्या फरकाला जवळपास ०.८ मिलिमीटर येतात, आणि त्या लक्ष्यावरील वलयांमधले अंतर ८ मिलिमीटर असल्यामुळे तिथेही उत्तर एक दशांश गुणाच्या आसपासच मिळते. दोन्ही प्रकारांसाठी लक्षात ठेवायला हे प्रमाण सोपे आहे: सेकंदाला एक मीटर म्हणजे सुमारे ०.१ गुण. नळीच्या कंपनांमुळे हा परिणाम एखाद्या रायफलमध्ये थोडा कमी-जास्त होतो, पण पहिला अंदाज बांधायला हे प्रमाण पुरते.

साठ बारांच्या सामन्यात असे दशांश साठत जातात. म्हणून वेग मोजणे हे फक्त मोठ्या प्रशिक्षण केंद्रांचे काम आहे, असे मानण्याचे कारण नाही. सोलापुरात एका क्लबमध्ये एकच क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजणारे यंत्र, असेल आणि ते पाच-सात जणांनी वाटून वापरायचे असेल, तरी त्यातून भरपूर शिकता येते. अट एवढीच, की मांडणी दर वेळी सारखी असावी आणि आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला हे लिहून ठेवलेले असावे. पुढील सर्व पायऱ्या याच दोन गोष्टींसाठी आहेत.

रडार नेमके काय मोजते

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची पहिली भरवशाची पद्धत इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये मांडली. टांगलेल्या जड लंबकात गोळी रुतवायची आणि लंबक किती मागे झुलला त्यावरून वेग काढायचा, असे तिचे स्वरूप होते. बरोबर शंभर वर्षांनी, १८४२ मध्ये, ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉपलर यांनी हलत्या वस्तूकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते हे तत्त्व मांडले. आजचे रडार क्रोनोग्राफ याच तत्त्वावर चालतात.

यंत्र साधारणतः २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी पुढे सोडते. दूर जाणाऱ्या गोळीवर आपटून परतलेल्या लहरींची वारंवारता किंचित कमी झालेली असते, आणि हा फरक वेगाच्या प्रमाणात असतो. सेकंदाला १७५ मीटरने जाणाऱ्या पेलेटमुळे हा फरक सुमारे २८ किलोहर्ट्झ येतो, तर ३३० मीटरने जाणाऱ्या .२२ च्या गोळीमुळे सुमारे ५३ किलोहर्ट्झ. यंत्र हा फरक उड्डाणाच्या पहिल्या काही मीटरांत पुन्हा पुन्हा मोजते, वेग कसा घटत गेला याचा आलेख मनातल्या मनात मागे नेते आणि नळीच्या तोंडाशी वेग किती असावा हे पडद्यावर दाखवते. म्हणजेच पडद्यावरचा आकडा हा मोजमाप आणि गणित या दोहोंतून आलेला असतो. यंत्राला गोळी पुरेशा अंतरापर्यंत दिसली नाही, तर गणिताला आधार उरत नाही आणि आकडा एकतर येत नाही किंवा भरवशाचा राहत नाही.

पेलेटच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. २४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे सव्वा सेंटिमीटर असते आणि ४.५ मिलिमीटरचा पेलेट त्या मानाने फारच लहान असल्यामुळे त्याच्याकडून परतणारा संकेत क्षीण असतो. .२२ साठी मांडणीत थोडी हयगय झाली तरी चालून जाते, पेलेटसाठी चालत नाही.

यंत्राची निवड

क्रोनोग्राफचे तीन प्रकार रेंजवर दिसतात. जुन्या प्रकाशसंवेदी यंत्रांत गोळी दोन सेन्सरांवरून जावी लागते. अशी यंत्रे स्वस्त असतात, पण ती नळीच्या पुढे ठेवावी लागतात, उन्हाचा कोन बदलला की बिचकतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात चुकीचे आकडे देऊ शकतात. नळीलाच पट्ट्याने बांधायची चुंबकीय यंत्रे अचूक असतात, मात्र त्यांच्या वजनाने नळीची कंपने बदलतात आणि गोळी लागण्याची जागा सरकते, त्यामुळे वेग आणि ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते) एकाच वेळी तपासता येत नाही. रडार रायफलला शिवत नाही आणि फायरिंग लाइनच्या पुढेही जावे लागत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

रडारमध्ये लॅबरडार आणि गार्मिनचे झीरो सी-वन प्रो ही नावे नेमबाजांच्या तोंडी अधिक आहेत. लॅबरडारचे मूळ मॉडेल आकाराने मोठे असून ते निरनिराळ्या अंतरांवरचा वेगही देते. गार्मिनचे यंत्र खिशात मावते आणि फक्त नळीच्या तोंडाशी असलेला वेग देते. दोन्हींची जाहीर अचूकता ०.१ टक्क्याच्या घरात आहे, म्हणजे पेलेटसाठी सुमारे ०.१७ आणि .२२ साठी सुमारे ०.३३ मीटर प्रति सेकंद. एका क्लबसाठी कोणते घ्यावे असे विचारल्यास, दहा मीटरच्या हॉलमध्ये काम करायचे असेल तर विकत घेण्यापूर्वी आपल्याच हॉलमध्ये आपल्याच पेलेटवर ते चालवून पाहावे, असा माझा आग्रह राहील. संकेत पकडण्यासाठी किती मोकळे अंतर लागते हे प्रत्येक यंत्राचे वेगळे असते. दहा मीटर अपुरे पडत असतील, तर मोजणी पन्नास मीटरच्या लेनवर करावी लागेल आणि त्याचे नियोजन आधीपासून करावे लागेल.

घरून निघण्यापूर्वी

यंत्र आदल्या रात्रीच चार्ज करावे किंवा त्यात ताज्या बॅटऱ्या घालाव्यात. त्यातील तारीख व वेळ बरोबर आहे ना, हे पाहावे, कारण नंतर नोंदी शोधताना तारीखच कामी येते.

पेलेटचे वजन डब्यावर छापलेले असते, पण ऊर्जा काढायची असेल तर ते स्वतः तोललेले बरे. त्यासाठी ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. असा काटा क्लबकडे नसेल, तर ओळखीच्या सराफाकडे तो असतोच. वीस पेलेट एकेक करून तोलावेत आणि सरासरी काढावी. यंत्र वजन ग्रेनमध्ये मागत असेल, तर एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम हे ध्यानात ठेवावे. ०.५३ ग्रॅमचा पेलेट सुमारे ८.२ ग्रेनचा होतो.

एका कागदावर रकाने आखून घ्यावेत: तारीख, वेळ, तापमान, रायफलचा क्रमांक, पेलेटचा किंवा काडतुसाचा लॉट (एकाच वेळी बनलेला साठा), रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब, यंत्राची जागा आणि शेरा. हा कागद रेंजवर गेल्यावर आखू म्हटले, तर तो आखला जात नाही.

शेवटची गोष्ट परवानगीची. मोजणी करणार असल्याचे रेंज ऑफिसरना आधी कळवावे आणि शक्य असल्यास कडेची लेन मागून घ्यावी. काही यंत्रे बाराचा आवाज ऐकून जागी होतात. शेजारच्या लेनवर .२२ चालू असेल, तर अशा यंत्रात शेजाऱ्याचे बार नोंदले जातात आणि आपल्या यादीत परके आकडे घुसतात.

मांडणी

सर्वांत जास्त वेळ मांडणीसाठी द्यावा. इथली पाच मिनिटे वाचवण्याच्या नादात दिवसभराचे आकडे वाया जातात.

मांडणीची सुरुवात रायफल रिकामी करण्यापासून होते. नळीत सेफ्टी फ्लॅग घातलेला असावा, बोल्ट उघडा असावा आणि रेंज ऑफिसरने परवानगी दिलेली असावी. यंत्राला हात लावण्याचा प्रत्येक प्रसंग, मग तो बटण दाबण्यापुरता का असेना, याच स्थितीत घडला पाहिजे. नळीच्या पुढे हात किंवा मान नेऊन पडदा वाचण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. मोजणीच्या दिवशी एक जण फायरिंग करील आणि दुसरा मागे बसून मोबाइलवर आकडे पाहील, अशी जोडी ठरवली तर हा प्रश्नच उरत नाही.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, बसून मोजणी करावी. उभ्या पोझिशनमध्ये नळीचे टोक बारागणिक थोडे इकडेतिकडे होते. त्याने वेग बदलत नसला, तरी यंत्र आणि नळी यांमधले अंतर बदलते. पेलेटसारख्या क्षीण संकेताला तेवढेही पुरते आणि मधलाच एखादा बार नोंदवायचा राहून जातो.

यंत्र नळीच्या तोंडापेक्षा थोडे मागे आणि बाजूला ठेवायचे असते. लहान यंत्रांसाठी मागे आणि बाजूला साधारण १५ ते ३५ सेंटिमीटर एवढे अंतर योग्य ठरते. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेली मर्यादा मात्र अंतिम मानावी. ते नळीच्या पुढे कधीही नसावे. लोडिंग करताना ज्या बाजूला हात हलतो, त्याच्या विरुद्ध बाजूस ते ठेवले तर कोपराचा धक्का लागत नाही. ट्रायपॉड टेबलावर न ठेवता जमिनीवर स्वतंत्र उभा करणे चांगले, कारण टेबलाला बसलेला प्रत्येक धक्का यंत्रापर्यंत पोहोचतो. उघड्या रेंजवर दुपारच्या वाऱ्याने हलका ट्रायपॉड थरथरत असेल, तर त्याच्या मधल्या दांड्याला वाळूची पिशवी अडकवावी.

यानंतर यंत्राची दिशा. यंत्राचे तोंड आपल्याच लक्ष्याकडे असले पाहिजे आणि त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. रडार गोळीचा पूर्ण वेग मोजत नाही, तर यंत्रापासून दूर जाण्याच्या दिशेतला वेग मोजते. गोळीचा मार्ग आणि यंत्राची नजर यांत कोन असेल, तर मोजलेला वेग त्या कोनाच्या कोसाइनने कमी भरतो. समजा यंत्र नळीपासून ३० सेंटिमीटर बाजूला आहे. गोळी ३ मीटर पुढे असताना हा कोन सुमारे ५.७ अंश असतो आणि वेग अर्धा टक्का कमी दिसतो, जो पेलेटच्या बाबतीत सेकंदाला सुमारे ०.८५ मीटर होतो. तीच गोळी १० मीटरवर पोहोचली, की कोन १.७ अंशांवर येतो आणि चूक ०.०५ टक्क्याच्याही खाली जाते. यंत्राच्या गणितात ही दुरुस्ती धरलेली असते, पण ती यंत्र सांगितलेल्या अंतरात ठेवले आहे असे मानूनच. आज २० सेंटिमीटरवर आणि पुढच्या रविवारी ५० सेंटिमीटरवर यंत्र ठेवले, तर दोन दिवसांच्या आकड्यांत जो फरक दिसेल तो रायफलचा की मांडणीचा, हे सांगता येणार नाही. म्हणून जागा एकदा पक्की करून टेबलावर आणि जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. शिंप्याचा टेप सोबत ठेवून बाजूचे आणि मागचे अंतर दर वेळी मोजावे आणि कागदावर लिहावे.

यंत्राच्या समोर काय आहे, तेही पाहावे. स्थिर भिंती आणि पत्र्याचे शेड यांच्याकडून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलत नसल्याने त्या सहसा आड येत नाहीत. टेबलाची कड, रायफलचा स्टँड किंवा पाण्याची बाटली थेट यंत्राच्या तोंडासमोर असेल, तर मात्र संकेत अडतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पंखे आणि कूलर लावल्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही. पंख्याच्या पात्यांचा वेग पेलेटच्या वेगापेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे यंत्र तो सहसा गाळून टाकते, तरीही फिरता पंखा यंत्राच्या पुढे नसावा आणि त्याचा झोत ट्रायपॉडवर येऊ देऊ नये. दोन रडार शेजारीशेजारी चालवायचे असतील, तर वारंवारतेचा चॅनेल बदलण्याची सोय असल्यास तो वेगवेगळा ठेवावा.

सेटिंग

सेटिंगमध्ये मोजक्याच गोष्टी आहेत. शस्त्राचा प्रकार बरोबर निवडावा. पेलेटसाठी एअर रायफलचा पर्याय न निवडता साध्या रायफलचा निवडला, तर यंत्र भलत्याच वेगाच्या पट्ट्यात शोध घेते आणि काहीच पकडत नाही. ‘यंत्र बिघडले’ अशी तक्रार आली, की मी आधी हे सेटिंग पाहायला सांगतो. एकक एकदाच ठरवावे. माझी पसंती मीटर प्रति सेकंद या एककाला आहे, कारण वर दिलेले दशांशाचे प्रमाण त्यातच सोपे राहते. फूट प्रति सेकंदातील आकडा मीटरमध्ये आणायला ०.३०४८ ने गुणावे. वजन भरावे आणि प्रत्येक लॉटसाठी नवे सेशन उघडावे. आवाजावर जागे होणाऱ्या यंत्रात एअर रायफलसाठी संवेदनशीलता वाढवावी लागते, कारण तिचा आवाज अगदीच हळू असतो.

प्रत्यक्ष फायरिंग

पहिले काही बार मोजणीत धरू नयेत. .२२ मध्ये काडतुसाचा प्रकार बदलल्यावर नळीत आधीच्या गोळ्यांचे वंगण असते आणि नव्या गोळ्यांचे वंगण बसेपर्यंत वेग व ग्रुपिंग दोन्ही अस्थिर असतात. त्यासाठी दहा-पंधरा बार खर्ची घालावेत. एअर रायफलला चार-पाच बार पुरतात, आणि पहिल्या बाराचा आकडा वेगळा लिहून ठेवावा, त्याचे कारण पुढे येईल.

त्यानंतर नेहमीच्या सामन्याच्या लयीत बार करावेत. मोजणी आहे म्हणून घाई करू नये आणि प्रत्येक बारानंतर पडद्याकडे पाहत बसू नये. दोन बारांमधला वेळ सारखा राहिला, तर रेग्युलेटरला (रायफलमधल्या हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाला) भरायला सारखाच अवधी मिळतो. एखादा बार नोंदला गेला नाही, तर त्याच्या जागी रेघ मारावी आणि पुढे जावे, आठवणीने किंवा अंदाजाने आकडा भरू नये. मधूनच भलताच आकडा आला, उदाहरणार्थ १७२ च्या ओळीत अचानक २४०, तर तो यंत्राची चूक म्हणून कारणासहित खोडावा. १७२ च्या ओळीत आलेला १६८ मात्र खोडायचा नाही, कारण कदाचित तोच आकडा रायफलबद्दल काही सांगत असतो.

आकडे कसे वाचावेत

यंत्र तीन आकडे काढून देते: सरासरी, सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेगातला फरक, आणि प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, ज्याला नेमबाज एसडी म्हणतात. समजा पाच बारांचे वेग १७१.२, १७२.०, १७१.६, १७२.४ आणि १७१.८ असे आले. सरासरी १७१.८ येते, कमाल-किमान फरक १.२ आणि एसडी सुमारे ०.४५. आकडे छान दिसतात. पण पाच बारांवरून काढलेल्या एसडीवर किती विसंबावे? संख्याशास्त्राच्या हिशेबाने पाच बारांचा एसडी ०.४५ आला असेल, तर त्या रायफलचा खरा एसडी ०.२७ पासून १.२८ पर्यंत कुठेही असण्याची ९५ टक्के शक्यता असते. दहा बारांनी हा पट्टा साधारण ०.७ पट ते १.८ पट एवढा होतो आणि वीस बारांनी पाऊण पट ते दीड पट. म्हणून पाच बारांवरून लॉट निवडू नये. दहा बार हे किमान मानावेत, आणि निर्णय पैशांचा असेल, म्हणजे सबंध हंगामाचा साठा घ्यायचा असेल, तर वीस किंवा तीस.

कमाल-किमान फरकाबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. बार जितके अधिक, तितका हा फरक आपोआप वाढतो. पाच बारांत तो एसडीच्या सरासरी २.३ पट असतो, दहा बारांत ३.१ पट आणि वीस बारांत ३.७ पट. एकाचे पाच बार आणि दुसऱ्याचे वीस बार घेऊन फरकांची तुलना केली, तर वीसवाल्यावर अन्याय होतो. तुलना करायची असेल तर एसडीची करावी, किंवा बारांची संख्या तरी सारखी ठेवावी.

दोन लॉटच्या सरासरीत फरक दिसला, तर तो खरा आहे का, हे ताडण्याची साधी रीत अशी. एसडीला बारांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. .२२ च्या लॉटचा एसडी ३ असेल आणि बार दहा असतील, तर उत्तर सुमारे ०.९५ येते. दोन्ही लॉट साधारण सारखेच असतील, तर सरासरीतला फरक या आकड्याच्या सुमारे तिप्पट, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन मीटर होईपर्यंत त्याला फारसे महत्त्व देऊ नये. लॉट अ हा लॉट ब पेक्षा एका मीटरने वेगवान आहे, यावर रेंजवर बरीच चर्चा होते. दहा बारांवर आधारलेली ती चर्चा निष्फळ असते.

वेग कमी की जास्त, यापेक्षा तो किती सारखा आहे हे स्पर्धेसाठी अधिक मोलाचे असते. तरीही अंतिम निवाडा लक्ष्यावरच व्हावा. कमी एसडीचा लॉट आपल्या नळीतून मोठा ग्रुप देत असेल, तर तो लॉट आपल्यासाठी नाही.

सिलिंडर आणि रेग्युलेटरची तपासणी

रडारचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो. स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये २०० बार दाबापर्यंत (इथे बार हे दाबाचे एकक) भरलेला हवेचा सिलिंडर असतो आणि रेग्युलेटर तो दाब कमी करून दर बाराला सारखाच देतो. सिलिंडरचा दाब एका मर्यादेखाली गेला, की रेग्युलेटरचे काम संपते आणि वेग घसरू लागतो. ही मर्यादा प्रत्येक रायफलची थोडी वेगळी असते. ती शोधायला सबंध सिलिंडर एका बैठकीत रिकामा करावा लागत नाही. नेहमीच्या सरावाच्या शेवटी, सिलिंडर पुन्हा न भरता, दर वेळी दहा बार रडारवर करावेत आणि दाबमापकाचा आकडा शेजारी लिहावा. थोड्या सरावांनंतर दाब आणि सरासरी वेग यांची जी ओळ तयार होते, तिच्यात वेग कुठे झुकू लागला हे स्पष्ट दिसते. त्या दाबाच्या वर पुरेशी शिल्लक ठेवूनच सामना सुरू करावा.

आता पहिल्या बाराची गोष्ट. रायफल अर्धा तास तशीच ठेवावी आणि मग पाच बार मोजावेत. पहिला बार बाकीच्यांपेक्षा दोन-तीन मीटरने वेगवान येत असेल आणि असे वारंवार घडत असेल, तर रेग्युलेटरमधून हवा हळूहळू पुढे झिरपून दाब वाढतो आहे, असा त्याचा अर्थ होतो. पहिला बार मंद येत असेल, तर व्हॉल्व्ह किंवा हॅमर अडखळत असण्याचा संभव असतो. दोन्ही दोष लक्ष्यावर ‘आज पहिला बार गेला’ एवढेच दिसतात आणि मुले त्याचा दोष स्वतःच्या ट्रिगरला देत राहतात. ज्या मुलाने महिनोन्‌महिने पहिल्या बाराची धास्ती बाळगली आहे, त्याला हे आकडे दाखवणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्यच आहे.

सिलिंडर बंद गाडीत ठेवू नये. २० अंशांना २०० बार असलेला दाब ६० अंशांना सुमारे २२७ बार होतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत एवढी उष्णता सहज साठते. सिलिंडर भरताना हवा तापते, म्हणून भरल्यानंतर तो निवू द्यावा आणि मगच दाब लिहावा. सिलिंडरवर कोरलेली मुदतही तपासावी. स्पर्धेच्या रायफलच्या सिलिंडरना सहसा दहा वर्षांची मुदत असते.

.२२, उन्हाळा आणि ध्वनीचा वेग

एनसीसीमुळे सोलापुरातल्या अनेकांची पहिली ओळख .२२ रायफलशी होते. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास निघते. हा वेग मुद्दामच ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो, कारण ध्वनीच्या वेगावरून खाली येताना गोळी अस्थिर होऊ शकते. ध्वनीचा वेग मात्र तापमानावर अवलंबून असतो. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीतल्या सकाळी तापमान १५ अंश असेल तर तो ३४० मीटर असतो, आणि मेच्या दुपारी ४२ अंशांना जवळपास ३५६. म्हणजे सरासरी ३३० आणि एसडी ५ असलेल्या लॉटमधले काही बार हिवाळ्यात ध्वनीच्या वेगाला जाऊन भिडतात, तर उन्हाळ्यात पुष्कळ अंतर राहते. दुसऱ्या बाजूने, तापलेल्या काडतुसातली दारू अधिक जोराने जळते आणि उन्हाळ्यात वेग थोडा चढतो.

या दोन्ही कारणांसाठी काडतुसांचा डबा सावलीत ठेवावा, बार होईपर्यंत काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये रेंगाळू देऊ नये आणि लॉटची चाचणी शक्यतो दोन ऋतूंत करावी. बालेवाडीला स्पर्धा हिवाळ्यात असेल, तर मे महिन्यात सोलापुरात निवडलेल्या लॉटवर डोळे झाकून विश्वास ठेवणे योग्य नाही. यंत्रालाही ऊन सोसत नाही. उघड्या रेंजवर त्याच्यावर पुठ्ठ्याची सावली करावी, मात्र ती यंत्राच्या तोंडापुढे येऊ देऊ नये.

ऊर्जेचा हिशेब आणि कायदा

वजन ग्रॅममध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंदात असेल, तर वेगाचा वर्ग करून त्याला वजनाने गुणावे आणि २००० ने भागावे. उत्तर ज्यूलमध्ये मिळते. ०.५३ ग्रॅमचा पेलेट १७२ मीटरने निघत असेल, तर ऊर्जा सुमारे ७.८ ज्यूल होते. आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ नुसार ज्या हवाई शस्त्राची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, त्याला परवाना लागतो. स्पर्धेच्या रायफली या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. बाजारातल्या शक्तिशाली पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलच्या मालकाने मात्र हा हिशेब जरूर करावा. त्यात पेलेटचे वजन विसरू नये: ०.५३ ग्रॅमच्या पेलेटला २० ज्यूलसाठी सुमारे २७५ मीटरचा वेग लागतो, पण ०.६७ ग्रॅमच्या पेलेटला २४४ मीटर पुरतात. पीसीपी रायफल बहुधा जड पेलेटने अधिक ऊर्जा देते, त्यामुळे हलक्या पेलेटवर मर्यादेत दिसलेली रायफल जड पेलेटवर मर्यादा ओलांडू शकते. चाचणी आपल्याकडच्या सर्वांत जड पेलेटवरही करावी.

नोंदवही आणि दुरुस्तीचा निर्णय

यंत्रातील सेशन मोबाइलमध्ये उतरवून घेतले, तरी क्लबमध्ये प्रत्येक रायफलची एक कागदी वही असावी. मोबाइल बदलतात, मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात, पण रायफल क्लबमध्येच राहते आणि पुढच्या मुलाच्या हातात जाते. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळच्या एकाच वेळी, एकाच लॉटच्या राखून ठेवलेल्या पेलेटने वीस बार मोजावेत आणि सरासरी व एसडी वहीत चढवावा. या मासिक चाचणीसाठी पेलेटचा एक डबा वेगळा काढून त्यावर तसे लिहून ठेवावे, नाहीतर तो सरावात संपतो.

सरासरी एका महिन्यात अर्ध्या मीटरने हलली म्हणून काही करू नये. ती तीन-चार महिने एकाच दिशेने सरकत असेल, किंवा एसडी आधीच्या दुप्पट झाला असेल आणि मांडणी, दाब व लॉट तपासूनही तो तसाच राहत असेल, तर सील किंवा रेग्युलेटर झिजल्याची शंका घ्यावी. रेग्युलेटर स्वतः उघडू नये आणि वेग परत मिळवण्यासाठी स्क्रू फिरवत बसू नये. वहीतल्या शेवटच्या सहा महिन्यांच्या पानांची छायाप्रत काढून रायफलसोबत पुण्या-मुंबईच्या जाणकार तंत्रज्ञाकडे पाठवावी. ‘रायफल नीट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा त्या पानांवरून त्याला दोष लवकर सापडतो. रायफल दुरुस्त होऊन परत आली, की त्याच खुणांवर यंत्र मांडून, त्याच डब्यातील वीस पेलेटने पहिली चाचणी घ्यावी आणि ती सरासरी नवी आधाररेषा म्हणून वहीत नोंदवावी.